झरणीची घडण आणि कारागिराचा शब्द
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने या वर्षी विद्वानांच्या पंक्तीत आम्हां हातकाम करणाऱ्यांनाही बोलण्यास बसविले, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. व्याख्यान देण्याचा आमचा धर्म नव्हे. लेथ फिरू लागला की आमचे तोंड आपोआप बंद होते, आणि तो थांबला की बोलण्याजोगे फारसे काही उरत नाही. तथापि गेल्या वर्षी भोर येथील आमच्या कारखान्यात एका गिऱ्हाइकासाठी आम्ही आमची पहिली झरणी, म्हणजे शाईचे फाउंटन पेन, हाताने घडविली. त्या कामाची हकीकत आपण ज्ञातिबांधवांना सांगावी असा चिटणीसांचा आग्रह पडला. वस्तू लहान, चिमटीत मावेल एवढी. परंतु तिच्या निमित्ताने आपल्या कातारी समाजाच्या पोटापाण्याचा व मानाचा जो प्रश्न पुढे येतो तो लहान नाही, म्हणूनच हे धाडस करीत आहो.

आरंभी आमच्या गावाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. भोर म्हणताच लोकांस राजवाडा आठवतो, भाटघरचे धरण आठवते, रोहिडा आणि रायरेश्वर आठवतात. परंतु भोर ही मुळात लेखणीच्या मानकऱ्याची गादी होय, हे थोड्यांच्या ध्यानी येते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सुरनीस अथवा सचिव म्हणून जो अधिकारी असे, त्याचे मुख्य काम राजपत्रे तपासण्याचे होते. पत्रातील मजकुरात काही अधिक-उणे असेल तर ते शुद्ध करणे, महालपरगण्यांचे हिशेब पाहणे आणि मग पत्रावर संमतीची खूण करणे, ही त्याची जबाबदारी. राजाराम महाराजांच्या कठीण काळात शंकराजी नारायण यांना हे सचिवपद मिळाले. त्यांनी तलवारही गाजविली. परंतु त्यांच्या वंशाला नाव राहिले ते पंतसचिव असे, म्हणजे दफ्तराचे. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर भोर संस्थानही विलीन झाले. गादी गेली, तरी ज्या गावाचा मान लेखणीवरून ठरला त्या गावात लेखणी घडावी, यात आम्हांस एक प्रकारचे औचित्य वाटते.

त्या काळची लेखणी म्हणजे बोरू. बोरूच्या काडीला चाकूने तिरपी कलम द्यायची, मध्ये चीर पाडायची, दौतीत बुडवायची आणि जुन्नरी कागदावर मोडीच्या ओळी ओढायच्या. शाई काजळ व डिंक यांची. अथवा हिरडा आणि हिराकस यांची. आमच्या नीरेच्या खोऱ्याला हिरडस मावळ म्हणतात आणि सह्याद्रीच्या या रानांत हिरड्याची झाडे आजही उभी आहेत. हिरड्यातील तुरट द्रव्य हिराकशीतील लोहाशी मिळाले म्हणजे काळाभोर रंग धरते व तो कागदात मुरतो. शाई व लेखणी या दोहोंची सामग्री अशी घराच्या आसपासची होती. बोरू झिजला तर तो पुन्हा तासता येत असे; त्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे आमच्या गिऱ्हाइकाने जी अट घातली तिचे मूळ येथेच आहे.

बोरू आणि टाक यांचा एक दोष असा की, दर दोन-चार शब्दांनी दौतीकडे जावे लागे. लेखणीच्या पोटातच शाई साठवावी ही कल्पना जुनी. पण साठविलेली शाई एकदम ओघळू नये आणि अडूनही राहू नये, हे साधणे अवघड. लुई वॉटरमन या अमेरिकन गृहस्थाने 1884 साली ज्या रचनेचे पेटंट घेतले तिने हा व्यवहार बराच स्थिरावला. निबेच्या खाली जी काळी जीभ दिसते, तिच्यात बारीक खाचा असतात. त्या खाचांतून शाई केशाकर्षणाने खाली येते, आणि जेवढी शाई खर्च होते तेवढीच हवा वर जाते. शाई व हवा यांची ही अदलाबदल नीट चालली तर पेन लिहिते. बिघडली तर एकतर कोरडे पडते नाहीतर डाग पाडते. झरणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या देशात हाताने पेन घडविण्याचा जो इतिहास आहे, त्यातील एक प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेला आहे. आंध्रातील राजमहेंद्री येथे कोसुरी वेंकट रत्नम नावाच्या कारागिराने 1932 साली पेन घडविण्यास आरंभ केला. स्वदेशी वस्तू करावी ही प्रेरणा गांधीजींची. पुढे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती त्यांनी आपले पेन गांधीजींकडे वर्ध्यास पोहोचविले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि 16 जुलै 1935 रोजी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहिले. पत्र अगदी चार ओळींचे, आणि त्यातील प्रशंसाही मोजकी: बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांच्या जागी हे चांगले चालेल, एवढाच त्याचा आशय. आम्हांस यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक, गिऱ्हाईक केवढेही मोठे असो, त्याने वस्तू आधी वापरली आणि मग मत दिले. दुसरी, कारागिरानेही तेवढ्या चार शब्दांवर संतोष मानून काम पुढे चालविले व घराणे त्या कामावर उभे केले. आपल्या मुंबईतही 1931 साली दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड करण्यास प्रारंभ केला आणि त्यातून पुढे कॅमलिनचा पसारा वाढला, हे आपणांस ठाऊक आहेच. शाई आणि पेन या दोन्ही वस्तू या देशात आधी लहान जागेत, थोड्या हातांनी केल्या गेल्या.

आता आमच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हे गृहस्थ आमच्या तालुक्यातील सेवानिवृत्त शिक्षक. त्यांच्या परवानगीने बोलत आहो, परंतु नाव घेणार नाही. आपण त्यांना गुरुजीच म्हणू. गुरुजींना मोडी उत्तम येते. खेड्यापाड्यांतील लोक जुनी खरेदीखते, वतनाचे कागद, देवस्थानच्या सनदा घेऊन त्यांच्याकडे येतात, आणि गुरुजी त्या कागदांची बालबोधात नक्कल करून देतात. पैसा घेत नाहीत. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा धरला. बॉलपेन दाबून लिहावे लागते. अर्धे पान झाले की अंगठ्यातून कळ निघे. कागद येत राहिले आणि नकला मागे पडू लागल्या. त्यांतील काही कागद असे होते की, त्यांवर कोणाच्या शेताची हद्द अवलंबून होती.

श्रावणातल्या एका दुपारी गुरुजी आमच्याकडे आले ते मुळात नातवाच्या भोवऱ्यासाठी. लेथवर काळा दांडा फिरताना पाहून त्यांनी चौकशी केली. तो एबोनाइटचा दांडा आम्ही दुसऱ्याच एका कामासाठी, विजेच्या उपकरणाची मूठ करण्यासाठी, आणला होता. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, लहानपणी आमची पेने याचीच असत. तुम्ही मला एक करून द्याल काय?" आणि त्यांनी तेथेच चार अटी सांगितल्या. पेन जाड असावे, पण जड नसावे. न दाबता लिहावे. एकदा भरले की पुष्कळ चालावे, कारण वारंवार भरताना हात कापतो. आणि चौथी अट अशी की, बिघडले तर ते भोरमध्ये दुरुस्त व्हावे. "पुण्याला पाठवावे लागेल असे पेन मला नको," एवढे सांगून ते गेले.

सद्गृहस्थहो, आमच्या आजोबांच्या काळी आपले लोक कमानीच्या दोरीवर लेथ ओढीत. एका हाताने कमान, दुसऱ्या हातात पटाशी, पायाच्या अंगठ्याचा टेका. पाळण्याचे खूर, लाटणी, बुद्धिबळाची प्यादी, मुलांचे भोवरे, सारे यातून निघे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने रंग चढे. प्लास्टिक आले आणि हे सर्व बाजारातून उठले. आपल्यापैकी किती घरांतील लेथ भंगारात गेले, याची गणती करावयास नको. ती प्रत्येकाच्या मनात आहे. गुरुजींची मागणी आमच्यापुढे आली ती या परिस्थितीत. म्हणून त्या कामाकडे आम्ही एक पेन म्हणून पाहिले नाही. पाच पिढ्यांच्या हातात जे कसब आहे त्याला आजच्या माणसाची आजची गरज भागविता येते की नाही, याची ती परीक्षा होती.

पहिला विचार सामग्रीचा. लाकूड आमच्या ओळखीचे. पण शाई थेट लाकडात भरता येत नाही, आणि आमच्याकडचा पाऊस असा की आषाढात दारे फुगून बसतात. एबोनाइट म्हणजे रबरात गंधक मोठ्या प्रमाणात मिसळून, दीर्घ काळ उष्णता देऊन केलेला कठीण पदार्थ. अमेरिकेत गुडइयर बंधूंच्या प्रयोगांतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो सिद्ध झाला. तो शाईने खराब होत नाही, वजनाने हलका, हाताला थंड लागत नाही आणि कातताना लाकडासारखाच गोडीने वागतो. हत्यार धारदार असेल तर त्याची लांब काळी फीत निघते. बोथट असेल तर भुकटी उडते आणि गंधकाचा वास सुटतो. उन्हात फार दिवस राहिला तर त्याचा काळा रंग विटतो, एवढा एक अवगुण. तो आम्ही गुरुजींना आधीच सांगितला.

दुसरा विचार मापाचा. येथे आम्ही आपली जुनी रीत वापरली. एबोनाइटला हात लावण्याआधी सागाच्या तुकड्यातून पकडीचे तीन नमुने कातले: 11, 12 आणि 13 मिलिमीटर जाडीचे. गुरुजींनी तिन्ही घरी नेले, आठ दिवस प्रत्येकात जुनी रिफील खोचून लिहून पाहिले आणि 13 मिलिमीटरचा परत आणून दिला. त्यावर अंगठा टेकत होता तेथे लाकूड किंचित मळले होते. त्या खुणेवरून पकडीला कोठे बाक द्यायचा ते आम्हांस समजले. गिऱ्हाइकाचा हात मोजण्याचे याहून चांगले यंत्र आम्हांस ठाऊक नाही.

मग प्रत्यक्ष काम. देहासाठी 18 आणि टोपणासाठी 20 मिलिमीटर व्यासाचा दांडा घेतला. आधी आतील काम, मग बाहेरचे. हा क्रम पाळावाच लागतो, कारण आतील भोक आणि बाहेरील अंग यांचा मध्य एक असला पाहिजे. देहाला 9 मिलिमीटरचे भोक लहान ड्रिलपासून चढत्या क्रमाने पाडले. त्याच पोकळीत शाई थेट भरायची. निराळी नळी नाही, पंप नाही. ड्रॉपरने भरावयाच्या या जुन्या पद्धतीत साडेतीन मिलिलिटर शाई मावते, आणि आजच्या पेनांतील पंपात जेमतेम एक. गुरुजींची तिसरी अट येथे पुरी झाली, आणि ज्यात बिघडण्याजोगा भागच नाही ते दुरुस्तीसही सोपे, म्हणून चौथीही बरीचशी भागली.

या पद्धतीत एक धोका असतो. शाई अर्ध्यावर आली की पोकळीत हवा अधिक होते; हाताच्या उष्णतेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला खाली ढकलते. मग नेमका महत्त्वाच्या कागदावर थेंब पडतो. यावर उपाय दोन. देहाची भिंत जाड ठेवायची, म्हणजे उष्णता आत सावकाश पोहोचते. आम्ही ती सव्वातीन मिलिमीटर ठेवली. आणि जीभ अशी निवडायची की, जास्तीची शाई क्षणभर धरून ठेवण्यास तिच्या अंगावर पुरेशा पातळ चकत्या असाव्यात. जीभही एबोनाइटचीच घेतली, कारण तिला शाई चांगली भिजवते व धार तुटत नाही.

आटे हे या कामातील सर्वांत चिकाटीचे अंग. पकड देहात बसते तेथे बारीक, एकेरी आटे; त्यांवर थोडे सिलिकॉन ग्रीस लावले की शाई झिरपत नाही. टोपणासाठी मात्र तिहेरी आटे पाडावे लागतात, म्हणजे तीन आटे शेजारीशेजारी एकत्र चालतात, आणि टोपण थोड्याच फेऱ्यांत निघते. दुखऱ्या अंगठ्याला आठ वेळा पीळ द्यावा लागला तर जाड पकडीचा काय उपयोग? बाहेरचा आकार दिल्यावर पॉलिश कागदांनी पाण्यात घासून, शेवटी कापडी चाकावर झिलई चढविली. टोपणाला भोरच्या बाजारातीलच पितळी पत्र्यातून क्लिप कापून बसविली; गुरुजी उतरत्या मेजावर लिहितात, तेथे गोल पेन गडगडत जाऊ नये म्हणून. टोपण काढून, शाईविना तोलले तेव्हा पेन 16 ग्रॅम भरले.

राहिली निब. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, निब आम्ही घडविली नाही. तयार, न गंजणाऱ्या पोलादाची विकत आणली. तिच्या टोकाला कठीण धातूचा जो कण डाळलेला असतो, ते काम घरच्या कारखान्याचे नव्हे. ही गोष्ट आम्ही गुरुजींना पावतीवर लिहून दिली. संपूर्ण पेन आमच्या हातचे, असे म्हणून चार रुपये अधिक मिळाले असते; परंतु गिऱ्हाइकापासून काही लपवून ज्ञातीचे नाव मोठे होत नाही. निब घडविली नसली तरी ती लावणे हे कसबच आहे. जीभ गरम पाण्यात धरली की किंचित मऊ होते. त्या वेळी निबेला दाबून बसविली म्हणजे दोघींमध्ये फट राहत नाही. निबेच्या दोन पाकळ्या भिंगाखाली समपातळीत आणायच्या. बालबोधाला जाड-बारीक वळणासाठी तिरपे कापलेले टोक शोभते. पण मोडीचा नमुना उतरवताना हात न उचलता सर्व दिशांनी फिरतो, म्हणून गुरुजींसाठी गोल टोकच ठेवले, आणि ते वर ढकलतानाही कागदाला खरवडू नये इतके गुळगुळीत केले.

पेन पुरे झाल्यावर आधी पाणी भरले आणि रात्रभर निब खाली करून टिपकागदावर टांगले. कागद कोरडा राहिला. मग अर्धी शाई भरून दहा मिनिटे मुठीत धरले. थेंब आला नाही. खंडेनवमीस हत्यारांची पूजा झाली तेव्हा पटाशीशेजारी ते पेनही मांडले, आणि दसऱ्याच्या दिवशी गुरुजींच्या घरी पोहोचविले. त्यांनी शाई भरली, पाटीपूजनाच्या कागदावर श्री लिहिला, आणि मग काही न बोलता बाजूचा एक जुना कागद ओढून नक्कल करावयास घेतली. एक पान झाले, दुसरे झाले. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ते थांबले व म्हणाले, "चालते." रत्नम यांना आलेल्या पत्राची आठवण आम्हांस तेथेच झाली. मागे पडलेल्या नकलांपैकी बहुतेक त्यांनी दिवाळीनंतर पुऱ्या करून ज्याच्या त्याच्या हाती दिल्या. सांधा बरा झाला नाही. तो पेनाने होणारही नव्हता. परंतु लिहिणे थांबले नाही.

आता मोलाविषयी. आपल्या समाजाला एक वाईट खोड आहे: वस्तूचे मोल आपण सामानावरून धरतो, हातावरून धरीत नाही. लाटण्याला लाकूड किती लागले ते विचारून पैसे सांगायचे, अशी आपल्या वडिलांची रीत, आणि तीच आपल्या दारिद्र्याचे एक कारण झाली. गुरुजींच्या पेनाला सामान थोडके आणि काम पुरते तीन दिवसांचे. आम्ही सामान, तीन दिवसांची मजुरी आणि हत्यारांची झीज हे तिन्ही निराळे मांडून हिशेब लिहिला व त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सचिवांच्या गावाला साजेसा बारकाईने तपासला आणि एक पैसाही कमी न करता दिला. हिशेब उघडा असला की घासाघीस होत नाही, हा आमचा अनुभव. त्यानंतर त्यांच्या ओळखीने आणखी मागण्या आल्या. त्या फार नाहीत, आणि यामुळे आमचे घर श्रीमंत झाले असेही नाही. पण लेथ विकण्याचा जो विचार घरात चालू होता, तो आता बंद झाला आहे.

ज्ञातिबांधवांनो, सर्वांनी पेने करावीत असा आमचा उपदेश नाही. बाजारात स्वस्त बॉलपेन राहणारच. त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. सांगावयाचे ते इतकेच की, यंत्र सर्वांसाठी एकच माप काढते, आणि ज्याला ते माप बसत नाही असा मनुष्य प्रत्येक गावात असतो. कोणाचा अंगठा दुखतो, कोणी डावखुरा असतो, कोणाला काठीची मूठ निराळी हवी असते, कोणाच्या जात्याचा खुंटा आता बाजारात मिळत नाही. तो मनुष्य हेच आपले गिऱ्हाईक. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दोन गोष्टी लागतात: हातातील कसब आणि दिलेला शब्द. कसब आपणांस वाडवडिलांनी दिले. शब्द प्रत्येकाला स्वतः पाळावा लागतो.

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला एखादे पारितोषिक स्वतःच्या हाताने उपयुक्त वस्तू घडविणाऱ्या मुलाला अथवा मुलीला द्यावे. मुलीला हे मुद्दाम म्हणतो, कारण गुरुजींच्या पेनाची झिलई आणि निबेची जुळणी आमच्या कन्येने केली, आणि तिच्याइतका स्थिर हात आमच्या घरात दुसऱ्या कोणाचा नाही. भोरला केव्हाही यावे; लेथ दाखवू, दांडा देऊ, जे येते ते शिकवू. त्याला फी नाही.

विश्वकर्म्याची कृपा आपल्या सर्वांच्या हातांवर राहो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!